लंब्या पावाची वही

मी अभिप्राय वही. अशा ठिकाणी ‘बोलतेय’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, बोलतेय. नाहीतर उभ्या जन्मात मी एक शब्द बोललेले नाही. लोकच माझ्यात बोलले, मी फक्त पान पुढं केलं.

वय विचाराल तर वह्यांच्या मानानं मी चाळिशीतली बाई. शिवण ढिली झाली, कोपरे गोल झाले, पोटात नको नको ते साठलं. वर अंगाला सिरक्याचा, म्हणजे तुमच्या व्हिनेगरचा, वास येतो. तो का येतो ते शेवटी कळेल. घाई करू नका, मीही कधी केली नाही.

खरं तर अभिप्रायासाठी माझा जन्मच नव्हता. चंद्रपूरच्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही दोनशे बहिणी एकदम जन्मलो, त्या तेंदूपत्त्यासाठी. आमच्या जंगलात मे महिन्यात बाया पहाटेच पानं तोडतात, त्यांचे पुडे बांधतात आणि फळीवर आणून देतात. फळी म्हणजे पुडे मोजून घ्यायची जागा. तिथं मुन्शी बसतो आणि त्याच्या मांडीवर आमच्यासारखी एक वही. माझ्या प्रत्येक पानावर रकाने छापलेत: अनुक्रमांक, नाव, गाव, पुडे, सही अथवा अंगठा, शेरा. मोठ्या कामाची मुलगी होते मी. जंगल बघणार होते.

एकशे नव्व्याण्णव बहिणी गेल्या. मी राहिले. हंगाम संपला, पाऊस सुरू झाला, दुकानदारानं मला खालच्या फळकुटावर टाकलं. लग्नावाचून उरलेल्या मुलीला जसं ‘हिचंही होईल’ म्हणतात, तसं तो मला झटकताना म्हणायचा, ‘हिचंही जमेल.’

जमलं. २००१ सालच्या जूनमध्ये पोंभुर्ण्याचा नूर मोहम्मद आला. त्याला अभिप्राय वही हवी होती. दुकानदार म्हणाला, “अभिप्रायाची नाई भाऊ, तेंदूची आहे. रकाने छापले आहेत.”

“रकान्यानं काय होते? लोकायले लिहाचंच आहे ना,” नूर मोहम्मद म्हणाला.

इथंच सगळं सुरू झालं. पण त्याला काय माहीत, आणि मला तरी काय माहीत.

नूर मोहम्मदचं दुकान पोंभुर्ण्याच्या बस थांब्यासमोर, मोहाच्या झाडाखाली. टिनाचं छप्पर, दोन बाक, एक काचेची पेटी. पाटीवर लिहिलेलं: ‘व्हिएतनामी सँडविच’. गावात ते कोणी म्हणत नसे. सगळे म्हणत, ‘नूरभाऊचा लंबा पाव.’

हा माणूस अकरा वर्षं मालवाहू जहाजावर भटारी होता. एकदा त्यांचं जहाज व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात दुरुस्तीला चाळीस दिवस अडकलं. बंदराच्या फाटकापाशी एक म्हातारी पाव विकायची. हातभर लांब, वरून खडखडीत, आतून कापसासारखा. मधोमध चिरून त्यात अंड्याची पोळी नाहीतर कोंबडी, काकडी, कोथिंबीर, मिरची, खारट मासळीच्या पाण्याचे चार थेंब, आणि सिरक्यात मुरवलेलं गाजर आणि मुळा. नूर मोहम्मदनं चाळीस दिवस तेच खाल्लं. एका दिवशी मुळा फिका लागला. भाषा येत नव्हती, म्हणून त्यानं गालावर बोट ठेवून डोकं हलवलं. म्हातारी आधी बघत राहिली, मग खो-खो हसली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला एकावर एक असे दोन पाव दिले आणि मुळ्याची बरणी त्याच्याच हातात दिली. त्या दिवसापासून ती त्याला मुळा चिरायला बसवायची.

ही गोष्ट मी किमान साठ वेळा ऐकली आहे. गिऱ्हाईक नसेल तर तो मोहाच्या झाडाला सांगे.

त्याची बायको अमिना. ती या गोष्टीत ‘हो’ म्हणायची नाही, ‘नाई’ही म्हणायची नाही, कणीक मळत राहायची. नवरा जहाजावर गेला तेव्हा लग्नाला वर्ष झालेलं. मधेमधे रजेवर यायचा तेवढाच. कायमचा परत आला तेव्हा पोरगी, सायमा, सहा वर्षांची. ती दारातून आत ओरडली, “अम्मी, पाहुणे आले!” पाहुणे बॅग घेऊन उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. हे अमिनानं मला सांगितलं नाही. शेजारच्या बाईला सांगितलं, मी टांगलेली होते.

आपसात दोघं घरची हिंदी बोलत. मी मराठी छापाची, म्हणून मराठीत सांगते आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

पाव अमिनाचा भाऊ वाजिद भट्टीतून काढून द्यायचा. मासळीच्या पाण्याला इथं पर्याय म्हणून नूर मोहम्मद सुके झिंगे उकळून गाळून घ्यायचा. मुळा मात्र कोणाला हात लावू देत नसे. दर बुधवारी मुळा यायचा, तो काडी-काडी चिरायचा आणि बरणीत बसवायचा. बायकोला नमाजाची वेळ विचारायचा, पण मुळ्याची वेळ स्वतः बघायचा.

मला त्यानं सुतळीनं खांबाला बांधलं. सोबत पेन बांधलं. पेन तिसऱ्या दिवशी गेलं. मग पेन्सिल आली, ती कोणीतरी चावली. अशा रीतीनं मी जनसेवेत रुजू झाले.

आता अभिप्राय ऐका. मी काहीही पदरचं घालत नाही.

पहिलं मत: ‘पाव कडक आहे. माझा एक दात आधीच हलत होता, हे मान्य करतो. – एक शिक्षक.’

दुसरं: ‘कोथिंबीर ताजी होती. बाकीचं काढून द्यावे.’

तिसरं: ‘सँडविच चौकोनी असते. हे सँडविच नाई.’ खाली त्याच शिक्षकांची लाल शाई: ‘“नाही” असे लिहावे.’

चौथं: ‘व्हिएतनाम कुठी आहे?’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘सिरोंच्याच्या पुढं.’ सिरोंचा म्हणजे आमच्या मुलखाचं शेवटचं टोक.

‘पोट भरलं नाई. भात ठेवा.’ हे मत मला वर्षभरात एकोणीस वेळा मिळालं. आमचा मुलूख धानाचा. इथं माणूस सकाळी पोहे, दुपारी पाव, संध्याकाळी समोसा खाईल आणि घरी जाऊन म्हणेल, आज सकाळपासून पोटात काही नाही. भात गेल्याशिवाय पोट हजेरी लावत नाही.

‘झिंग्याचा वास येते. बाजूला बँक आहे याचे भान ठेवावे.’

‘दोन वाजताची गाडी साडेचारला आली. कंडक्टर उद्धट.’ हे माझं नव्हतं. एसटीची तक्रार वही समजून लोक माझ्यात बसबद्दल लिहायचे. एकानं तर पूल कधी होणार विचारलं. मी काय सांगणार. मी शेऱ्याच्या रकान्यात जागा दिली.

रकान्यांचं तर विचारूच नका. ‘पुडे’ या रकान्यात लोक किती पाव खाल्ले ते लिहायचे. एकानं लिहिलं, ‘अर्धा पुडा. उरलेला कुत्र्यानं सोडला.’ नूर मोहम्मदनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते.

रोजचं मत फक्त एकाच माणसाचं. लटारूभाऊ, निवृत्त वनरक्षक. रोज दहा वाजता यायचे, अमिनाच्या हातचा चहा घ्यायचे, काचेच्या पेटीकडं वाघाच्या पिंजऱ्याकडं बघावं तसं बघायचे आणि लिहायचे: ‘आज खाल्ले नाही. मत राखून ठेवले आहे. – ल. मा.’ खाली तारीख. पुढच्या दिवशी तेच. सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढली की माणूस मत असं जपून वापरतो.

“लटारूभाऊ, एक दिवस खाऊन तर पाहा,” नूर मोहम्मद म्हणे.

“पाहून राह्यलो ना,” लटारूभाऊ म्हणत.

आणि मग सुकरी आली.

जुलैतला बाजाराचा दिवस होता. सुकरी जंगलातल्या गावातली, टोपल्या, चारोळी, असं काहीबाही घेऊन बाजारात बसणारी. वय पन्नाशीचं असेल, पाठ मात्र सरळ. बस सुटेपर्यंत बाकावर टेकली, एक पाव खाल्ला, हात पुसले, पाणी प्याली, आणि उठून थेट माझ्याकडं आली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं माझं पान उघडलं, रकाने पाहिले, आणि ओळखीची बाई भेटावी तशी मान हलवली.

“शाई कुठी आहे जी?”

“कसली शाई?” नूर मोहम्मदनं विचारलं.

“अंगठ्याची.”

“बाई, इथी अंगठा नाई लागत. पाव कसा लागला ते सांगा. मी लिहितो.”

“खाल्ला ना जी,” सुकरी म्हणाली. या पलीकडं काय सांगायचं असतं, ते तिला कळेना. “आमच्या फळीवर असंच बुक राह्यते. घेतलं का अंगठा देयाचा. नाई तर मुन्शी म्हणते, तू आलीच नवती.”

आणि तिनं लाल चटणीच्या वाडग्यात अंगठा बुडवून माझ्या रकान्यात ठेवला. दाबून. पुढं थोडा फिरवून, जसा फळीवर मुन्शी शिकवतो.

चूक तिची नव्हती. वहीच तेंदूची. तिनं मला बरोबर ओळखलं होतं. मीच माझ्या जागी नव्हते.

तिचा अंगठा लक्षात राहण्यासारखा. डाव्या हाताचा, रुंद, आणि मधून तिरपी एक रेघ, जुनी विळ्याची खूण. चटणीत उमटला की तेवढी रेघ पांढरी राहायची.

पुढच्या बाजाराला तिच्यासोबत सोमारी आली, तिची गाववाली. मग आणखी चौघी. सुकरीनं सांगून ठेवलं होतं, तिथं अंगठा द्याव लागते. बाजाराच्या दिवशी दुपारी माझं पान लालभडक व्हायचं. रात्रीतून मुंग्या यायच्या. सप्टेंबरातले तीन अंगठे मुंग्यांनी अख्खे खाल्ले. वर्षभरात पूर्ण पसंतीनं जेवलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्याच, असं मी समजत होते.

नूर मोहम्मद अंगठ्यांची पानं न बघता उलटायचा. “हे मत नोहे,” अमिनाला म्हणायचा, “ही पोच आहे.”

एप्रिलमध्ये मुंबईहून पत्र आलं. त्याच्या जुन्या जहाजाचा कारभारी लिहीत होता: भटाऱ्याची जागा रिकामी आहे, दोन वर्षांचा करार, तीस मेच्या आत फोन करावा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ.

पत्र त्यानं मुळ्याच्या बरणीखाली ठेवलं. चार दिवस ते तिथंच राहिलं. पाचव्या दिवशी अमिनानंच विचारलं.

“जाता का?”

“मी काऊन जाऊ?”

“मंग फाडून टाका ना पत्र.”

त्यानं फाडलं नाही. म्हणाला, “जहाजावर तीस माणसं रोज मले शिव्या देत होते. डाळ पातळ, भात गच्च. पण खाऊन देत होते, अमिना. इथी चार वर्षं झाली. कोणाले माहीतच नाई मी काय बनवून राह्यलो. समोसा तळला असता तर या लोकायनं तोही असाच खाल्ला असता.”

“मंग समोसा तळा. पण घरी राहा.”

तो माझ्याकडं बघून म्हणाला, “तीस तारखेपर्यंत पाहू. वही जे म्हणेल ते.”

मला सांगा, माझ्यासारखीवर असा भार टाकायचा? मी काही म्हणणारी वही नव्हते. माझ्यात कुत्र्याचं मत होतं, बसचं होतं, पुलाचं होतं. आणि आता त्या सायमाचा बाप घरी राहतो की पुन्हा पाहुणा होतो, ते माझ्यावर.

त्यानंतर माझ्यात चांगली मतं यायला लागली.

‘अत्यंत चविष्ट. मुंबईत असे मिळत नाही. – एक ग्राहक, मुंबई.’ मग ‘आम्ही खास पुण्याहून आलो. मन तृप्त झाले. – सौ. देशमाने.’ मग नागपूरचे एक डॉक्टर. अक्षर सगळ्यांचं वाकडं, डाव्या हातानं काढल्यासारखं, आणि पानावर कणकेची बोटं. दर मंगळवारी, नूर मोहम्मद पाव आणायला भट्टीवर गेला की मुंबई, पुणे, नागपूर एकापाठोपाठ येऊन जायचे. मी गप्प राहिले. बाईच्या जातीनं बाईच्या जातीला एवढं सांभाळून घ्यावं. शिवाय माझं कोणी ऐकत नव्हतं.

तीस मे बाजाराचाच दिवस निघाला. वर आग, खाली फुफाटा. तेंदूचा हंगाम संपत आलेला. दुपारी नूर मोहम्मदनं मला सुतळीतून सोडलं, मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसला. अख्खं वर्ष. लटारूभाऊ बाकावर चहा घेऊन बसले होते, जणू पंचनाम्याला बोलावलंय. अमिना काकडी चिरत होती. एकच काकडी, बराच वेळ.

“वहीत चांगलं पण किती आहे,” ती न बघता म्हणाली. “पुण्याच्या बाई आहेत. नागपूरचे डॉक्टर आहेत.”

“हो,” तो म्हणाला. “या पुण्याच्या बाई लिहितात, ‘पाव फार छान, भट्टी वाजिदची असावी.’”

काकडी थांबली.

“पुण्याच्या बाईले वाजिद कसा माहीत?”

लटारूभाऊंनी कपात बघितलं. कपात चहा नव्हता.

“मले पयल्याच दिवशी समजलं होतं,” नूर मोहम्मद म्हणाला. राग नव्हता आवाजात. “तरी मी मंगळवारची वाट पाहाचो. कोणीतरी लिहून राह्यलं म्हणून बरं वाटे.”

“तुमी जाल म्हणून लिहिलं,” अमिना म्हणाली. “पोरगी आता कुठं तुमाले अब्बा म्हणून राह्यली. दोन वर्षांनी आले तर पुन्हा पाहुणे म्हणल.”

त्यानं पान उलटलं. पान अंगठ्यांचं होतं. तो नेहमीसारखं पुढं जाणार, तेवढ्यात बाकाशी सुकरी. डोक्यावरची टोपली खाली ठेवत म्हणाली, “भाऊ, एक पाव दे. गाडी आत्ताच लागते. बुक कुठी गेलं? खांबाले तर नाई.”

“बाई, आज बुक राहू द्या.”

“असं कसं? मांगून तू म्हणशील, सुकरी आलीच नवती.”

पाव खाल्ला. हात पुसले. पाणी प्याली. आणि वाडग्यात अंगठा बुडवून त्याच्या मांडीवरच माझ्यावर ठेवला. नूर मोहम्मदच्या डोळ्यांसमोर, वितभर अंतरावर. ओल्या लाल अंगठ्यात तिरपी पांढरी रेघ.

तो बघत राहिला. मग त्यानं मागचं पान उलटलं.

“हा तुमचाच?”

“माह्याच. इळा लागला होता लहानपणी.”

आणखी मागचं. “हा?”

“माह्याच.”

“हा पण?”

“भाऊ, दर बाजाराले तर येते मी. बुक तुह्यं, अन् तुले माहीत नाई?” सुकरीला आता तो जरा सटकल्यासारखा वाटायला लागला होता. “हा बाजूचा सोमारीचा. तिच्या अंगठ्याचं टोक तुटलं आहे, पाह्य ना.”

तो मागं मागं जात राहिला. मार्च, जानेवारी, दिवाळीच्या आधीचा बाजार, ऐन पावसातला जुलै. दर पानावर ती रेघ. फक्त सप्टेंबरात मुंग्यांनी खाल्लेली जागा होती.

“बाई, इतक्या खेपा आल्या,” तो म्हणाला, “एक खेप तरी सांगाचं होतं ना, चांगला लागते म्हणून.”

“चांगला असल्यावर काय सांगाव लागते?” सुकरी म्हणाली. “वाईट असलं का सांगते माणूस.”

खरंच आहे. आमच्या भागात पंगतीत जेवण चांगलं झालं तर कोणी बोलत नाही, फक्त भात पुन्हा मागतात. बोलायला लागले की आचाऱ्यानं समजावं, काहीतरी बिघडलं.

“मंग वाईट कधीच नाई लागला?”

सुकरीनं टोपलीचा काठ चाचपला.

“राग नको मानू भाऊ.”

“नाई मानत.”

“मांगच्या बाजाराले मुळा जमला नवता.”

लटारूभाऊंनी मान वर केली. अमिनानंही.

“आंबट होता, पण तो आंबट नवता,” सुकरी म्हणाली. “झिंगे बराबर होते, मिरची बराबर होती. सोमारी म्हणे गाजर बिघडलं. मी म्हटलं, नाई, मुळाच. घरी जायेपर्यंत तेच बोलून राह्यलो आमी दोघी. निंबू पिळलं होतं का तू?”

मागच्या बाजाराला सिरका संपला होता. नूर मोहम्मदनं खरोखरच लिंबू पिळलं होतं. अमिनाला कळलं नव्हतं. वाजिदला कळलं नव्हतं. बँकेतल्या, शाळेतल्या, एसटीतल्या एकाही माणसाला कळलं नव्हतं. नूर मोहम्मदनं गालावर बोट ठेवलं.

“सिरका संपला होता,” तो म्हणाला.

“मंग सांगाचं ना. आमी नसता खाल्ला तर चाललं असतं, पण सांगाचं.” सुकरीनं टोपली उचलली. “आज बराबर आहे.”

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. सुकरीच्या ओल्या अंगठ्यापुढं, शेऱ्याच्या रकान्यात, सावकाश लिहिलं: ‘मागील बाजाराला मुळा बरोबर नव्हता. लिंबू होते.’ माझ्यातलं ते सगळ्यात वाईट मत. पुढं तारीख घातली. मग उठून त्यानं दुसरा पाव चिरला, त्यात मुळा इतका भरला की पाव मिटेना, कागदात गुंडाळला आणि सुकरीच्या टोपलीत ठेवला.

“हा कायचा?”

“मागच्या बाजाराचा.”

गाडी आली, सुकरी गेली. नूर मोहम्मद रस्ता ओलांडून एसटीडी बूथवर गेला. काचेतून दिसत होतं, त्यानं फोन उचलला, बोलला, ठेवला. अमिनाच्या हातात तीच काकडी होती, आता तिचं पाणी झालेलं.

तो परत आला आणि बरणीखालचं पत्र काढून त्या कागदानं त्यानं पेटीची काच पुसली.

“लागला फोन?”

“लागला.”

“काय म्हटलं?”

“म्हटलं, बुधवारी माह्या मुळा येते. मले जमणार नाई.”

अमिना आत गेली आणि बराच वेळ कांदा चिरत होती. आमच्या पावात कांदा नसतो.

राहिले लटारूभाऊ. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लंबा पाव मागितला, चहात बुडवून अर्धा खाल्ला, डोळे मिटून चघळला. मग मला जवळ ओढून लिहिलं: ‘आज खाल्ले. चहा चांगला आहे. – ल. मा.’

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. सायमा चंद्रपूरला कॉलेजात जाते. पोंभुर्ण्यात मोबाइलचा टॉवर आला, एसटीडी बूथचं झेरॉक्सचं दुकान झालं. आमचं दुकान तेवढंच आहे, दोन बाकांचं. बाकावर बसणाऱ्यांतले निम्मे अजून भात मागतात.

मी भरले. पान न् पान. नवी वही आली, ती साधी रेघांची, शहरी वळणाची. सुकरीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, “हे आपलं बुक नोहे.” मग मला परत काढलं. मुळ्याच्या बरणीचं झाकण नीट बसत नाही, म्हणून मी झाकणावर, आणि माझ्यावर एक दगड. सिरक्याचा वास तिथून येतो. बाजाराच्या दिवशी दगड बाजूला होतो, सुकरी माझ्या पुठ्ठ्यावर अंगठा देते, दगड पुन्हा वर. जंगल बघायचं राहिलं. पण जंगल दर आठवड्याला येऊन मला बघून जातं.

निरोप घेण्याआधी एक मागणं आहे. कुठं खाल्लंत, आणि समोर वही टांगलेली दिसली, तर ‘छान’, ‘उत्तम’ लिहून तिला फसवू नका. ते आमच्याकडं मंगळवारी घरचेच लिहितात. मुळा बिघडला असेल तर मुळा बिघडला म्हणा. गाजर म्हणू नका, नीट चघळून, मुळाच म्हणा. आत कोणीतरी तेवढ्याच एका वाक्यासाठी बॅग भरून बसलेला असतो.

बाकी माझं बरं चाललंय. आज बुधवार आहे. दगड काढलाय, बरणी उघडी आहे, आणि तो चिरायला बसलाय.